एकही सील न तोडता

सीलकाका हे नाव मीच पाडलं. तोंडावर मात्र मी त्यांना साहेब म्हणायचो. तीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासून निवृत्त झालेला माणूस. त्याला काका म्हटलं की हा आपल्याला कशात तरी गुंडाळायला बघतोय, असं त्याला वाटायचं. लोकांनी मीटर मागे कसे फिरवले, तारा परस्पर कशा जोडल्या, कपाटामागे भिंत फोडून काय काय केलं, हे सगळं ज्याने डोळ्यांनी पाहिलंय तो सरळ नजरेने कुणाकडे बघणार? मला ते पटायचं. पण माझ्याच गॅरेजमध्ये उभं राहून ते माझ्याकडेही तसंच बघायचे, ते डोक्यात जायचं.

त्यांची गाडी सतरा वर्षांची, पांढरी, पेट्रोलची. बॉनेट उघडलं की आत जिकडेतिकडे सीलं. बॅटरीच्या क्लॅम्पला पिळाची बारीक तार आणि तिच्या टोकाला शिशाचा चपटा केलेला मणी. एअर फिल्टरच्या झाकणाला तसाच एक. प्लगच्या वायरी, पाण्याची टाकी, रेडिएटरची टोपी, सगळीकडे मीटरला असतात तसले मणी, आणि प्रत्येकावर पकडीने उठवलेलं त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर. मेकॅनिक चांगला पार्ट काढतो आणि जुना घालतो, या त्यांच्या ठाम समजुतीवरचा हा इलाज होता. एखादं सील काढायची गरज पडली तर त्यांना सांगायचं, ते स्वतः खिशातून छोटी कटर काढून तोडणार, काम होईस्तोवर डोळ्यांत तेल घालून उभे राहणार आणि घरी जाऊन नवं सील मारणार. मी एकही सील परस्पर तोडणार नाही, ही अट मी पहिल्याच दिवशी मान्य केली होती. गिऱ्हाईक विक्षिप्त आहे, आपल्याला काय, असं म्हणून. तो माझा गाढवपणा.

काकू त्यांच्या अगदी उलट. गाडीत मागे बसायच्या, काच खाली करून माझ्याशी गप्पा मारायच्या. "लग्नाआधी हे मला तीनदा भेटून गेले," त्या म्हणायच्या, "दर वेळी तीच आहे ना, याची खात्री करायला." सीलकाका समोर उभे असले तरी बोलायच्या, आणि ते हसायचे नाहीत, पण चिडायचेही नाहीत.

काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. सकाळी सहा ते दहा मशीन त्यांचं, साडेदहापासून दुसऱ्या पेशंटचं. उशिरा पोचलात तर तो वेळ तुमच्याच चार तासांतून कापला जातो, पुढे कुणी भरून देत नाही. टॅक्सी करायला काय हरकत होती? एकदा केली होती. ड्रायव्हरने वळसा घेतला असं यांना वाटलं आणि अर्ध्या वाटेत त्याच्याशी भांडून हे काकूंना घेऊन खाली उतरले. त्यानंतर सहाच्या मशीनला आपलीच गाडी.

आणि ती गाडी थंड असली की चालेना.

त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्या इंजिनाचा एक रबरी पाइप बदलला होता, पाणी गळत होतं म्हणून. अर्ध्या तासाचं काम. सीलकाका सबंध वेळ माझ्या खांद्यावरून बघत होते. आठ दिवसांनी ते गेटमधून आत आले तेच हात मागे बांधून.

"मिस्त्री, तुमच्या हाताखालून गेल्यापासून गाडी बिघडली."

"काय होतंय, साहेब?"

"पहाटे सुरू होत नाही. झालीच तर धडधडते, काळा धूर सोडते आणि गेटबाहेर पडायच्या आत बंद. पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो. मग पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन तापलं की अशी चालते, जसं काही झालंच नाही."

मी गाडीत बसलो, सुरू केली. एका सेल्फला सुरू. इंजिनाला कुठे थरथर नाही, धूर नाही.

"आता तर छान चालतेय."

"तेच म्हणतोय मी," सीलकाका म्हणाले. "तुमच्याकडे आणली की छान चालते. यातून मी काय समजायचं?"

यातून समजायचं ते सरळ होतं. त्यांच्या घरून माझ्याकडे यायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात इंजिन तापतं. थंड इंजिनाचा आजार तापलेल्या इंजिनात दिसत नाही, मग मी बघू काय? मी म्हटलं, आज गाडी इथेच ठेवा, सकाळी मी ती गार असताना सुरू करून बघतो.

"रात्रभर? इथे?" त्यांनी माझ्या शटरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सकाळी गाडी असेल हो. पण आत काय असेल?"

"मग मी तुमच्या घरी येतो पहाटे."

"म्हणजे आम्ही घरातून कधी बाहेर पडतो ते तुम्हाला नीट कळेल."

मी हातातला पाना खाली ठेवला. काही गिऱ्हाइकांशी बोलताना हातात पाना नसलेला बरा. मग म्हटलं, निदान स्कॅनर लावू द्या, गाडीचा कंप्युटर काय म्हणतो ते बघतो. तर तेही नाही. "तुम्ही आत काय भरून ठेवाल ते मला थोडंच दिसणार आहे?" डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या दिव्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती. तो दिवा कंपनीने गिऱ्हाइकाला घाबरवायला बसवलाय, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता सांगा, अशा माणसाची गाडी कशी दुरुस्त करायची? मी अंधारात हातपाय मारत राहिलो. प्लग काढले, ते काजळीने काळे ठिक्कर. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. प्लग बदलले. फिल्टर बदलला. थ्रॉटल धुतला, इंजेक्टर साफ केले, पंपाचं प्रेशर मोजलं. दर वेळी सीलकाका कटर काढून सील तोडायचे, जुना पार्ट कागदात गुंडाळून घरी न्यायचे, आणि दोन-चार दिवसांनी हात मागे बांधून परत यायचे.

सहा महिने हे चाललं. तोवर त्यांचा संशय सगळीकडे फिरून आला. पेट्रोल पंपवाला पाणी मिसळतो म्हणून पंप बदलला. खालच्या मजल्यावरचा शेजारी टाकीत काहीतरी टाकतो म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. इस्पितळाच्या पार्किंगमधला वॉचमन गाडीजवळ घुटमळतो, म्हणून गाडी लांब उभी करायला लागले. आणि एवढं फिरून तो संशय शेवटी माझ्याकडेच यायचा. माझ्याकडे दुसरं कुणी गाडी घेऊन आलं की हे त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणायचे, "जरा लक्ष ठेवून करून घ्या."

मग माझ्याही मनात पाल चुकचुकायला लागली. आजार मी एकदाही पाहिला नव्हता. ऐकला होता तो फक्त त्यांच्या तोंडून. काळे प्लग? ते कुणीही काळे करू शकतो. हा माणूस खोटं तर बोलत नाही? तीस वर्षं लोकांना पकडण्यात गेली, आता पकडायला कुणी उरलं नाही, म्हणून मला धरलंय? त्यांची गाडी आली की मीही डोळे बारीक करून तिच्याभोवती फिरायला लागलो. घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमच्याच हातून काही राहिलं नसेल कशावरून?"

पंचवीस वर्षं हे काम करतोय. माझ्या हातून नट ढिला राहिल्याचं एक उदाहरण कुणी दाखवावं. त्या दिवशी मी तिच्याशी धड बोललो नाही.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते काकूंमुळे. एकदा ती दोघं इस्पितळातून थेट माझ्याकडे आली. काकू पाय मोकळे करायला म्हणून गाडीतून उतरल्या आणि मी बघतच राहिलो. पावलं एवढी सुजली होती की चपलेच्या पट्ट्यात बोटंसुद्धा जात नव्हती. चप्पल हातात घेऊन त्या उभ्या होत्या.

"आज पावणेतीन तासच मिळाले, भाऊ," त्या म्हणाल्या. "चौकात तीनदा बंद पडली. चार तास पूर्ण झाले नाहीत की पाणी अंगातच राहतं. रात्री आडवं पडलं की श्वास पुरत नाही."

"त्या नर्सला जास्त वेळ देता येतो," सीलकाका मागून म्हणाले. "मुद्दाम देत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

मला स्वतःची लाज वाटली. दोन पुरुष एकमेकांवर डोळे वटारून बसलो होतो आणि मधल्या मधे या बाईचे तास जात होते. मी काकूंना माझा नंबर दिला. सीलकाका बघत असतानाच दिला.

पुढच्याच आठवड्यात पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी काकूंचा फोन आला. "सुरूच होत नाहीये. याल का?" मी स्वेटर चढवला, स्कॅनर पिशवीत टाकला आणि स्कूटरवर निघालो. मोकळ्या रस्त्याने पंधरा मिनिटांत पोचलो.

इमारतीच्या पार्किंगमध्ये सीलकाका टॉर्च घेऊन उभे होते. टॉर्च त्यांनी माझ्या तोंडावर मारला.

"यांना कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं," काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या.

मी सेल्फ मारला. इंजिन खोकलं, धरलं, हादरलं, मागून काळा धूर आला आणि बंद. पेट्रोलचा वास नाकात गेला. खरं सांगतो, मला आनंद झाला. सहा महिन्यांत पहिल्यांदा आजार माझ्यासमोर उभा होता. मी स्कॅनर काढला तसे सीलकाका पुढे आले. "ते लावायचं नाही."

"लावू द्या," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "मला आज चार तास हवेत."

सीलकाका बाजूला झाले.

स्कॅनरवर इंजिनाचं तापमान आलं: उणे चाळीस. मी दोनदा वाचलं. थंडी होती, पण एवढीच की स्वेटर पुरावा. गाडीच्या कंप्युटरला मात्र बाहेर सगळं गोठून गेलंय असं वाटत होतं. म्हणून तो इंजिनाला ऊब यावी म्हणून भसाभस पेट्रोल ओतत होता आणि त्या पेट्रोलात गुदमरून इंजिन बंद पडत होतं. मी हे सांगितलं तर सीलकाका म्हणाले, "बघा. मी म्हणत नव्हतो, ही यंत्रं खोटं दाखवतात म्हणून?"

"यंत्र खोटं दाखवत नाही, साहेब. त्याला कुणीतरी खोटं सांगतंय."

त्यांचे डोळे एकदम चमकले. "कोण?"

"तेच बघायचंय," मी बॉनेट उघडत म्हणालो.

"अहो, माझी फाइल वरच राहिली," काकू म्हणाल्या. "आणि दाराला कुलूप नीट लागलंय ना?"

कुलपाचं नाव काढल्यावर सीलकाका थांबणं शक्य नव्हतं. ते जिना चढून गेले. मी माझ्या पिशवीतला टॉर्च दातात धरला आणि तापमानाच्या सेन्सरपर्यंत हात घातला. मी बदललेल्या पाइपच्या अगदी शेजारी तो बसतो. त्याच्या सॉकेटमधून पिळाची बारीक तार गेली होती आणि बाजूच्या पट्टीला कचकचून आवळली होती. टोकाला शिशाचा मणी. त्या ओढीने सॉकेट तिरकं झालं होतं. इंजिन तापून सगळं थोडं फुगलं की आतली पिन टेकायची आणि सेन्सर खरं बोलायचा. गार असताना पिन सुटलेली. मी पाइप बदलून गाडी दिली त्यानंतर, मी पुन्हा तिथे काही करू नये म्हणून, सीलकाकांनी मारलेलं सील.

मी टॉर्च तोंडातून काढला आणि एक सणसणीत शिवी हासडली. वर बघतो तर काकू गाडीतून उतरून शेजारी उभ्या. त्यांनाही मणी दिसला होता.

"हे यांनीच बांधलंय ना?" त्यांनी विचारलं. "यामुळे?"

"यामुळे. सहा महिने."

त्यांनी बॉनेटच्या कडेला हात टेकला. म्हणाल्या, "यांना सांगू नका, भाऊ."

"काकू, सहा महिने मी यांच्या शिव्या खातोय. माझी गिऱ्हाइकं फोडली यांनी."

"माहीत आहे मला. पण हा माणूस कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाही, एक सोडून. स्वतःवर. तोही काढून घेतला तर उरलं काय त्यांच्याजवळ? मी काही फार दिवसांची सोबतीण नाही. मी गेल्यावर हे घरात एकटे बसतील आणि हेच उगाळतील, की हिचे तास मी खाल्ले. मला ते नकोय."

"मग सांगू काय? सील तुटलेलं दिसणारच त्यांना. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जिन्यावर पावलं वाजली.

मी पकडीने तार तोडली, सॉकेट सरळ करून दाबलं. खट् करून बसलं. स्कॅनरवर उणे चाळीसचे अधिक अकरा झाले. सीलकाका फाइल काखेत धरून आले आणि त्यांची नजर आधी गेली ती माझ्या हातातल्या मण्यावर.

"सील तोडलंत."

"हो. खालचं सॉकेट सैल होतं. पाइप बदलताना मी काढलं होतं. परत नीट बसवलं नाही. माझ्याकडून राहिलं, साहेब."

मला वाटलं होतं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. चेहरा असा सैल झाला, वर्षानुवर्षं अडकलेलं काही निघून गेल्यासारखा. "ऐकलंस?" ते काकूंकडे वळले. "ऐकलंस का? पहिल्या दिवसापासून सांगत होतो मी!"

"हो, तुमचं बरोबर होतं," काकू म्हणाल्या. "आता चला. आणि तिथे परत काही बांधायचं नाही. गाडी चालतेय, तिला हात लावायचा नाही. माझी शपथ."

गाडी एका सेल्फला सुरू झाली. पावणेसहाच्या आत ती गेटबाहेर पडली.

पुढे जे व्हायचं ते झालं. सीलकाकांनी सगळीकडे सांगितलं, मिस्त्रीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून. माझी दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. बायकोच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" तिलाही मी खरं सांगितलं नाही. गंमत म्हणजे सीलकाका गाडी माझ्याकडेच आणत राहिले. दुसरीकडे कशाला जाऊ, म्हणायचे, यांची चोरी कुठे असते ते तरी मला माहीत आहे. आणि मागच्या सीटवरून काकू काच खाली करून मला चार बोटं दाखवायच्या. चार तास पूर्ण. पावलांवरची सूज उतरली होती.

आठ महिने असे मिळाले त्यांना. मग एका दुपारी झोपेतच त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, आज ना उद्या होणारच होतं. सीलकाकांनी डॉक्टरांचं ऐकलं असतं तर ते सीलकाका कसले?

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. खोलीत पाच-सात नातेवाईक, दुसऱ्या गावाहून आलेली त्यांची मुलगी, आणि खिडकीपाशी खुर्चीत सीलकाका, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले. मला बघताच ते उठले.

"हेच ते," ते सगळ्यांना म्हणाले. "सहा महिने हिचे तास यांच्यामुळे बुडले. एक पिन सैल ठेवली यांनी. तिथूनच तिचं हृदय गेलं."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, असू दे ना." पण तिनेही माझ्याकडे बघितलंच, आणि हळूच विचारलं, "खरं आहे का हे?"

मला राग आला. त्या खोलीत, त्या दिवशी, मला राग आला हे मी लपवत नाही. एका वाक्यात मी मोकळा झालो असतो. सीलकाकांचे डोळे माझ्यावर रोखलेले होते, आणि त्यांत पहिल्यांदाच मला खात्री दिसली नाही. ते उत्तराची वाट बघत होते. मी नाही म्हटलं असतं, तर तो संशय घेऊन त्यांना जायला आता एकच जागा उरली होती.

"खरं आहे," मी म्हटलं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. जिथे पहिल्याच दिवशी हात घालायला हवा होता, तिथे तार दिसली म्हणून मी सहा महिने हात घातला नव्हता. "माझी चूक झाली."

"लिहून द्या," सीलकाका म्हणाले.

मीटरमध्ये फेरफार सापडला की ते घरमालकाकडून जागेवरच जबाब लिहून घ्यायचे. मुलगी "बाबा!" म्हणून ओरडली. मी तिला हातानेच थांबवलं आणि कागद मागितला. तिने काकूंच्या फाइलमधलाच एक कोरा कागद काढून दिला. मी लिहिलं: पाइप बदलताना सेन्सरचं सॉकेट माझ्याकडून सैल राहिलं. त्यामुळे गाडी पहाटे बंद पडत होती. यात दुसऱ्या कुणाचीही चूक नाही. खाली सही केली, तारीख घातली.

सीलकाकांनी चष्मा लावला. कागद एकदा वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तेवढीच परत वाचली. घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, खुर्चीत बसले आणि रडायला लागले.

दारापर्यंत सोडायला आलेली मुलगी म्हणाली, आई गेल्यापासून ते आज पहिल्यांदाच रडतायत.